एकीपुरती जागा

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणायचे. हल्ली असं कोणी म्हणत नाही. लग्न होऊन घरात आले त्या दिवशी मीही ताईच म्हटलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ताई म्हणणाऱ्या बायका माझी गादी झाडायला येतात. तू गादी झाडायला आलीस का?"

"मग काय म्हणू?"

"वन्सं म्हण. निदान रीतसर भांडता तरी येईल."

आणि आम्ही रीतसर भांडलो. आमचं घर तळमजल्याला, इमारतीच्या मागच्या अंगाला होतं. वन्संची खुर्ची जिन्याने जात नाही म्हणून माझ्या नवऱ्याने वरचं उजेडाचं घर सोडून हे घेतलं होतं. भरदिवसा दिवा लावावा लागे. लग्नाआधी मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि लग्नानंतर ते वन्संना ऐकवायची एकही संधी मी सोडली नाही. त्या कुठल्या कमी! "उजेड असता तर तुझा स्वयंपाक दिसला असता," म्हणायच्या. "अंधार आहे म्हणून दादा जेवतो."

वन्सं आर्किटेक्ट. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्यांच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, कंबरेखालचं शरीर गेलं. तशातच त्यांनी परीक्षा दिली आणि पहिल्या आल्या. बक्षीस समारंभ वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होता, लिफ्ट नव्हती, म्हणून त्यांचं बक्षीस शिपायाच्या हाती खाली पाठवण्यात आलं. ही हकीकत त्या हसत हसत सांगायच्या आणि सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघायच्या. समोरचा हसला तर त्यांच्या मनातून उतरायचा. न हसला तरी उतरायचा.

पुढे वर्षानुवर्षं त्यांनी घरी बसून दुसऱ्यांचे नकाशे काढले. शहरातले इंजिनिअर यायचे, जागेची मापं टाकून जायचे, वन्सं आराखडा करायच्या आणि खाली सही येणाऱ्याची व्हायची. लोकांच्या खोल्यांत उजेड कुठून येईल हे त्या आमच्या त्या अंधाऱ्या खोलीत बसून ठरवत.

मग शहराने नवं नगरभवन बांधायचं ठरवलं. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, पेन्शन, पाणीपट्टी, सगळ्यासाठी लोकांनी एकाच इमारतीत यायचं. आणि टेंडर काढताना कुणाला तरी चांगली बुद्धी झाली. इमारत सगळ्यांची, तर तिचा आराखडा करणारी टीमही सगळ्या तऱ्हेच्या माणसांची हवी, अशी अट त्यात घातली गेली. बायका हव्यात, वस्तीतून वर आलेलं कोणी हवं, अपंग हवं. नसतील तर गुण कापणार.

त्या आठवड्यातच शहरातल्या सगळ्यात मोठ्या फर्मचे मालक आमच्या दारात उभे राहिले. सगळं शहर त्यांना सर म्हणायचं. सोबत त्यांचा जावई, तोही आर्किटेक्ट. हातात फुलांचा एवढा मोठा गुच्छ की आमच्या घरात तो ठेवायला बादलीच काढावी लागली.

सरांनी प्रस्तावना सुरू केली. समाज, संवेदनशीलता, बदलता काळ. वन्संनी मधेच तोडलं.

"मला पायांसाठी घेताय की हातांसाठी?"

जावई खोकला. सर म्हणाले, "खरं सांगू? आलो पायांसाठी. पण तुमची कामं दुसऱ्यांच्या सह्यांखाली पाहिलीत मी. हात मिळाले तर फायद्यातच आहे."

वन्सं खूश झाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "माणूस हरामखोर आहे, पण तोंडावर बोलतो. अशांबरोबर काम करता येतं."

पहिल्या दिवशी त्यांना ऑफिसात सोडायला मीच गेले. काचेच्या भिंती, लांबलचक टेबलं, लिफ्ट. वन्संना खिडकीजवळची जागा दिली होती. त्या उजेडात त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहत होते असं वाटलं. एकच अडचण निघाली. बायकांच्या संडासाचं दार अरुंद होतं, खुर्ची आत जात नव्हती. सर म्हणाले, दार मोठं करून घेऊ, आठवड्याभरात. तोवर वन्संनी सकाळपासून पाणी प्यायचं बंद केलं. सर्वांना सामावून घेणारी इमारत काढणाऱ्या त्या ऑफिसात त्या जितके दिवस होत्या तितके दिवस ते दार अरुंदच राहिलं. मधे दोनदा त्यांना मूत्रपिंडाचा आजार होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. ऑफिसातून दोन्ही वेळा फुलं आली.

पण काम! काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं. नगरभवनाला पुढे पायऱ्या नव्हत्याच त्यांच्या आराखड्यात. रस्त्याची फरसबंदीच सावकाश चढत चढत आत जायची, एखादी टेकडी चढावी आणि चढ जाणवूही नये तशी. म्हातारे, बाळंतिणी, ढकलगाडीवाले, खुर्चीवाले, खुद्द शहराचे प्रमुख, सगळे एकाच उताराने, एकाच दाराने. वाटेत बसायला कट्टे. "कोणाला वेगळी वाट दाखवायची वेळच येऊ नये," त्या मला समजावायच्या. मला त्यातलं काय कळणार! पण जेवताना ताटाबाहेर बोटाने उतार काढून दाखवायच्या, आमटीत बोट बुडवून.

जावयाला खांब हवे होते. उंच खांब आणि त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या भव्य पायऱ्या. वन्संनी त्याचं नाव खांबसाहेब ठेवलं आणि ते आठवड्यात ऑफिसभर झालं. नंतर कळलं, त्यानेही वन्संना एक नाव दिलं होतं. त्यांच्यामागे सगळे त्यांना "रॅम्प" म्हणत. रॅम्प आली का, रॅम्पला विचारा. वन्संना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खांबापेक्षा बरं. रॅम्पचा उपयोग तरी होतो."

परीक्षकांपुढे वन्सं बोलल्या. मी नव्हते, पण नवरा गेला होता. सांगत होता, एका परीक्षकाने चष्मा काढून डोळे पुसले. फर्म जिंकली. वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध वन्सं, खांद्यावर सरांचा हात, मागे टीम: वस्तीतून आलेला तो हुशार इंजिनिअर, परगावच्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, कडेला खांबसाहेब. नवऱ्याने फोटो फ्रेम करून आणला आणि आमच्या अंधाऱ्या भिंतीवर लावला.

जिंकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सरांचं "तुम्ही"चं "तू" झालं. वन्संना ते आपुलकीचं वाटलं.

महिन्याभराने पायऱ्या आल्या.

शहराच्या प्रमुखांना भाषणासाठी उंच जागा हवी होती. मागे खांब, पुढे पायऱ्या, पायऱ्यांखाली जनता. उतारावर उभं राहून भाषण केलं तर माणूस घसरतोय असं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. खांबसाहेबांनी दोन दिवसांत नवी ड्रॉइंगं तयार केली. दोन दिवसांत कसली, ती पहिल्यापासून तयारच असणार. उतार गेला इमारतीच्या मागे, जनरेटर आणि कचराकुंड्या यांच्यामधून, नियमात बसेल एवढाच रुंद.

वन्सं सरांच्या केबिनमध्ये जाऊन ओरडल्या. सगळं ऑफिस काचेतून बघत होतं. सरांनी ओरडू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "हे बघ, तुला राजीनामा द्यायचा असेल तर दे. वर्तमानपत्रवाले येतील, दोन दिवस तुझं कौतुक होईल, तिसऱ्या दिवशी तू तुझ्या त्या खोलीत असशील. इथे राहिलीस तर आतून बोलता येईल. आत असलेलं माणूसच काही बदलू शकतं. बाहेरून कोण ऐकतं?"

मग त्यांनी तो मागच्या उताराचा नकाशा पुढे सरकवला. इमारत सर्वांना वापरता येण्याजोगी आहे असा दाखला त्यावर लागत होता आणि टीममधल्या त्या बाबतीतल्या जाणकाराची सही हवी होती. जाणकार म्हणजे वन्सं.

त्यांनी सही केली.

घरी आल्या तेव्हा मी विचारलं, "केलीत?"

"नियमात बसतं ते."

"नियमाचं नाही विचारलं मी."

"मग विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "तुला उजेडाच्या खिडकीत बसवतं का कोणी रोज? मला बसवतात. मला ती खिडकी सोडवत नाही. झालं?"

मी त्यांची आवडती भाजी केली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? बरी जिरली, असं आलं. नणंद-भावजयीचं नातं असतंच तसं. दया यायला वेळ लागतो.

त्याच सुमारास आमच्याकडे चिमणी यायला लागली. चिमणी हे नाव वन्संनीच ठेवलेलं. नुकतीच आर्किटेक्ट झालेली मुलगी, जन्मापासून बहिरी. ओठ बघून सगळं समजायची, आणि बोलायची तेव्हा शब्द अर्धे, उंच आवाजात, चिवचिवाटासारखे यायचे. वर्तमानपत्रातला फोटो बघून पत्ता शोधत आली होती. वन्संना म्हणाली, "मला तुमच्यासारखं व्हायचंय."

"म्हणजे कसं, पाय तोडून घेणार?" वन्संनी विचारलं.

ती मुलगी इतकी खळखळून हसली की वन्संही हसल्या. त्यांच्या मनातून न उतरलेली ती पहिलीच.

दर रविवारी ती यायची. वन्सं तिला शिकवायच्या. तोंडावर दिवा यावा म्हणून खुर्ची वळवून घ्यायच्या, एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवून. आमच्याशी आयुष्यात त्या इतक्या सबुरीने बोलल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात बोलले तर ओरडायच्या, "वहिनी, आवाज कर हवा तेवढा, पण दिव्यासमोरून जाऊ नकोस. ऐकतेय ती." दोन बोटं हवेत चाकासारखी फिरवली की वन्सं, अशी खूण चिमणीने केली होती. माझी खूण पोळी लाटण्याची. मला राग आला, पण खोटी नव्हती.

हात चांगला होता पोरीचा. एकदा ती गेल्यावर वन्सं तिचं ड्रॉइंग बराच वेळ धरून बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगली आहे." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी ना आधी ऐकलं, ना नंतर.

फर्ममध्ये एक जागा निघाली तेव्हा चिमणीने अर्ज केला. वन्संनीच करायला लावला. पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी सर त्यांच्या टेबलाशी आले. हे वन्संनी स्वतःच मला नंतर सांगितलं. सर म्हणाले, "ती बहिरी मुलगी तुझ्या ओळखीची ना? काम उत्तम आहे तिचं. घ्यायला हरकत नाही. फक्त मी विचार करत होतो की दोघी लागतील का आपल्याला? परीक्षक एवढंच बघतात, टीममध्ये असं कोणी आहे की नाही. किती आहेत, हे कोणी मोजत नाही." आणि हसून निघून गेले. पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी वन्संना नेणारा ड्रायव्हर आला नाही, म्हणून शाळेतून रजा टाकून मी गेले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. मला बाहेर बसवलं होतं. काचेच्या पलीकडे खोली, आवाज काही येत नव्हता. टेबलाच्या एका बाजूला सर, खांबसाहेब आणि वन्सं. समोर चिमणी, पाठ माझ्याकडे, केस घट्ट बांधलेले.

सरांनी काहीतरी विचारलं, चिमणीने उत्तर दिलं. खांबसाहेबांनी विचारलं, तिने कागद पसरून दाखवला. दोघेही माना डोलवत होते. मग वन्संची पाळी आली.

वन्संनी कागदांत मान खाली घातली आणि बोलायला लागल्या. चिमणी पुढे वाकली. वन्संनी कोपर टेबलावर टेकवलं आणि हात तोंडावर ठेवला, विचारात पडलेलं माणूस ठेवतं तसा. बोलणं चालूच. बोटांच्या वर फक्त त्यांचे डोळे दिसत होते, आणि ते सरळ त्या मुलीकडे बघत होते.

चिमणीने काहीतरी उत्तर दिलं. ते भलतंच असणार, कारण खांबसाहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. वन्संनी पुन्हा विचारलं, तोंडावरचा हात तसाच. चिमणीने मान तिरकी केली, डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, कुठून तरी ओठ दिसतील म्हणून. मग तिने बोलणं थांबवलं. पाठीमागून मला तिचे कान लाल झालेले दिसले.

मी बहिरी नाही. पण त्या काचेबाहेर मलाही काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी सगळं समजत होतं.

बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ थांबली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तिने माझ्याकडे बघून पोळी लाटायची खूण केली, ओठ हसल्यासारखे केले आणि जिन्याने निघून गेली. लिफ्टसाठीही थांबली नाही.

परतताना टॅक्सीत मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही तोंडावर हात ठेवलात."

"सर्दी झाली होती."

"तुम्हाला सर्दी नाहीये."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "तिथे आमच्यासारख्यांना एकच खुर्ची असते, वहिनी. आणि ती मी घरून नेलीये. ती कशी देऊ?"

"पोर आहे हो ती."

"मीही होते. माझं बक्षीस शिपायाने खाली आणलं तेव्हा कुणी म्हटलं पोर आहे?" मग आवाज एकदम चढला. "आणि तू मला शिकवू नकोस! एक अंधारं घर मिळालं तर आजपर्यंत तोंड बंद केलं नाहीस तू!"

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. त्यांना तिथेच उतरवून निघून जावं असं वाटत होतं. पण चाकाच्या खुर्चीतलं माणूस रस्त्यात सोडून जाता येत नाही, आणि त्या क्षणी मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

चिमणीला नकार गेला. कारण दिलं होतं: टीमशी संवाद साधता येत नाही. रविवारी ती आली नाही. वन्संनी तिच्या वेळेला दिवा लावला, खुर्ची वळवली आणि दुपारभर तशाच बसून राहिल्या. मी चहा नेला तर म्हणाल्या, "दिव्यासमोरून सरक."

नगरभवन पूर्ण झालं. उद्घाटनाला वन्संनी नवे कपडे केले, पायांवर घ्यायला चांगली शाल काढली. आम्ही तिघं पोचलो तर मागची वाट बंद. प्रमुख येणार म्हणून पोलिसांनी मागच्या दाराला कुलूप लावून ठेवलं होतं. पुढे पायऱ्या, लाल गालिचा, कॅमेरे. सर वरून धावत खाली आले.

"अरे, हिच्याशिवाय कसं होईल! उचला रे!"

कामावरचे चार मजूर पुढे झाले. वन्सं म्हणाल्या, "नको. मी खाली थांबते." नवरा म्हणाला, "ती नको म्हणतेय." पण तोवर खुर्ची उचलली गेली होती. लोक टाळ्या वाजवायला लागले. अर्ध्या पायऱ्यांवर एका मजुराचा पाय गालिच्यात अडकला, खुर्ची कलंडली, वन्संनी एकाच्या मानेला मिठी मारली आणि शाल सरकून खाली पडली. काठ्यांसारखे दोन पाय, त्यांतला एक वाकडा लोंबकळणारा, सगळ्या शहरापुढे. मी शाल उचलायला धावले, पण कॅमेरे माझ्या आधी पोचले.

वर नेऊन ठेवल्यावर सर कॅमेऱ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? सगळ्यांनी मिळून तिला वर आणलं. समावेशक म्हणतात ते यालाच!"

टाळ्या वाजल्या. वन्संनीही दोन वाजवल्या. ते मी विसरू शकत नाही.

पुढच्याच महिन्यात शहराने मोठ्या सरकारी दवाखान्याचं टेंडर काढलं. अट तीच. सरांनी वन्संना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की या वेळी टीम वेगळी असेल, त्या बहिऱ्या मुलीला घेतलंय.

"तिला संवाद साधता येत नाही म्हणाला होतात," वन्सं म्हणाल्या.

"अगं, तो तर तू काढलेला मुद्दा." सर हसले. "तोंडावर हात ठेवलास ते मी बघितलं होतं त्या दिवशी. म्हटलं, हिला धंदा कळतो. म्हणून तर बोललो नाही. पण आता तूच बघ, तिला रॅम्प लागत नाही, मोठा संडास लागत नाही, दवाखान्यात भरती व्हायला लागत नाही. आणि तिने कितीही ओरडायचं ठरवलं तरी ऑफिसला त्रास नाही."

हे सांगताना वन्सं जसंच्या तसं सरांच्या आवाजात बोलल्या. नक्कल छान करायच्या त्या. माझा नवरा उठून बाहेर गेला. त्याला ऐकवलं नाही.

त्या पुन्हा आमच्या खोलीत आल्या. जुने इंजिनिअर पुन्हा यायला लागले, मापं टाकून जायला लागले. भिंतीवरचा फोटो काढू का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे. तिथे ओल आलीये."

वर्ष संपताना त्यांच्या अपंग पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागला. तो मिळायचा नगरभवनात. मी त्यांना घेऊन मागच्या उताराने गेले. दोन्हीकडे कुंड्या, पायाखाली भाजीचा चिखल, जनरेटरचा धूर. वर लिफ्ट होती, तिच्यावर "बंद आहे" अशी पाटी. वन्संना तिथेच बाहेर, उतारावर ठेवून मी वळसा घालून पायऱ्यांनी वर गेले. कारकून म्हणाला, माणूस समोर हवं. मी म्हटलं, खाली आहे, लिफ्ट बंद आहे. तो भला माणूस होता. उठला, मागची खिडकी उघडली आणि खाली वाकून ओरडला, "ओ बाई! हात हलवा! जिवंत आहात एवढंच बघायचंय!"

वन्संनी मान वर केली. मला वरून त्यांचा चेहरा दिसत होता. हात त्यांनी हलवला नाही. उलट अशी एक शिवी हासडली की तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

"आहे, आहे, जिवंत आहे," कारकून म्हणाला आणि शिक्का मारला.

चिमणी आली ती त्यानंतर. रविवारी नाही, कामाच्या दिवशी, हातात ऑफिसची बॅग घेऊन. बारीक झाली होती. वन्संच्या समोर उभी राहिली आणि तिच्या त्या उंच आवाजात म्हणाली, "तुमचा उतार हवाय. दवाखान्यासाठी. पहिली ड्रॉइंगं. ऑफिसात नाहीत."

"फाडली," वन्सं म्हणाल्या. तोंडासमोर काही नव्हतं, ओठ नीट हलवले होते.

चिमणीने कपाटाच्या वर बोट दाखवलं. ड्रॉइंगांची लांब नळी तिथे पडलेली होती. ती म्हणाली, "मुलाखतीत तुम्ही काय विचारलं होतं? रोज आठवते. मला फक्त प्रश्न सांगा."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. वाटलं, आता सांगतील. त्यांनी चाकं धरली, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिच्याकडे पाठ केली की तिच्याशी बोलणं संपतं, हे त्यांना कोणापेक्षाही चांगलं माहीत होतं. मग भिंतीकडे बघत, हलक्या आवाजात त्या काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "विचारलं होतं, म्हातारी माणसं उतारावर दमली तर कुठे बसतील. तुला येत होतं गं उत्तर."

मला ते तिला सांगता आलं असतं. तिचं तोंड वळवून, ओठ हलवून. मी सांगितलं नाही. ती दोघींमधली गोष्ट आहे असं मी स्वतःला सांगितलं. ती दारात चपला घालत होती तेव्हा मी स्टुलावर चढून नळी काढली आणि तिच्या हातात दिली, एवढं मात्र केलं.

दवाखाना उभा राहिला. वर्तमानपत्रात रंगीत पानभर फोटो आला. पुढे पायऱ्या नाहीत, रस्ताच सावकाश वर चढत आत गेलेला, वाटेत कट्टे. खाली लिहिलं होतं, ही अभिनव कल्पना तरुण वास्तुरचनाकार अमुक अमुक यांची, म्हणजे खांबसाहेबांची. टीमच्या फोटोत चिमणी मधोमध होती. सरांचा हात तिच्या खांद्यावर. नाव कुठे नव्हतं.

वन्संनी ते पान खूप वेळ धरून ठेवलं.

"तू दिलीस?"

"हो."

"मूर्ख आहेस." मग भिंग मागितलं. भिंगातून फोटो बघत म्हणाल्या, "कट्टे ठेवलेत त्यांनी. पण फार लांब लांब."

मी म्हटलं, "वन्सं, एकदा जाऊन बघू या ना. गाडी करू. तुम्हाला सरळ पुढच्या दाराने आत जाता येईल."

त्यांनी पान घडी करून माझ्याकडे दिलं.

"दवाखान्यात हौसेने कोण जातं गं?" त्या म्हणाल्या आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा नकाशा पुढे ओढला.